पाण्याची पातळी आणि धोक्याची खूण

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत वाणिज्य विभागातर्फे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या व्याख्यानमालेत काव्य, इतिहास आणि विज्ञान यांना मानाचे स्थान मिळावे हे साहजिकच आहे. त्यांच्या पंक्तीत ताळेबंदालाही पाट मांडून दिल्याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. ‘ऋणी’ हा शब्द आमच्या व्यवसायात फार जपून वापरतात, हे येथील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच.

आजचा विषय आहे कंपनीची तरलता आणि नफाक्षमता गुणोत्तरांवरून कशी पारखावी. विषय पाठ्यपुस्तकातला आहे, पण तो परीक्षेपुरता नाही. या सभागृहात बसलेल्या बहुतेक घरांतील निवृत्तीची रक्कम, मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेले पैसे किंवा गावाकडची जमीन विकून आलेली पुंजी आज कुठल्या ना कुठल्या कंपनीत, बँकेत किंवा पतसंस्थेत आहे. ती ठेवताना आपण व्याजाचा दर विचारतो. घेणाऱ्याची ती परत देण्याची ऐपत मात्र क्वचितच विचारतो. ती ऐपत विचारण्याची भाषा म्हणजे गुणोत्तरे.

माझ्या नोकरीची काही वर्षे काशीत, एका बँकेच्या कर्ज विभागात गेली. त्यामुळे ही भाषा समजावून सांगताना मला दलाल स्ट्रीटपेक्षा दशाश्वमेध घाट अधिक उपयोगी पडतो. आपण थोडा वेळ तिकडेच जाऊ.

वाराणसीत गंगेची पातळी राजघाटाजवळ मोजली जाते. समजा, ऑगस्टमधील एका सकाळी वर्तमानपत्रात बातमी आली, ‘गंगा ७० मीटरवर’. बाहेरगावच्या माणसाला यातून काहीही कळणार नाही. घाटावरच्या नावाड्याला मात्र सगळे कळते, कारण त्याच्या डोक्यात आणखी दोन आकडे पक्के बसलेले असतात. इशाऱ्याची पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची ७१.२६२ मीटर. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते, तो आकडाही जुन्या माणसांना पाठ असतो. पाणी वर येऊ लागले की दशाश्वमेधची संध्याकाळची आरती पायऱ्यांवरून उचलून इमारतीच्या गच्चीवर न्यावी लागते. म्हणजे निर्णय एकट्या ७० या आकड्यावर होत नाही, ७० आणि ७१.२६२ यांच्यातील नात्यावर होतो. गुणोत्तर म्हणजे हे नाते. ‘कंपनीला दहा कोटींचा नफा झाला’ हे विधान ‘पाणी ७० मीटरवर आहे’ या विधानाइतकेच अपुरे आहे. दहा कोटी किती विक्रीवर? किती भांडवलावर? आणि त्यातले हाती किती आले?

आता याच नदीवर थोडे वर, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या प्रयागराजला या. तेथे धोक्याची पातळी ८४.७३४ मीटर आहे. काशीचा आकडा प्रयागला लावला तर तेथे बारमाही महापूर आहे असे वाटेल. नदी एक असली तरी खुणा वेगळ्या आहेत. हे मी एवढ्यासाठी सांगतो की, पाठ्यपुस्तकात चालू गुणोत्तर २:१ असावे असे वाचल्यावर आपले विद्यार्थी जगातली प्रत्येक कंपनी त्याच खुणेवर मोजू लागतात.

चालू गुणोत्तर म्हणजे चालू मालमत्तेला चालू देण्यांनी भागून येणारी संख्या. वर्षभरात रोख होऊ शकेल असे जे जे आहे, ते वर्षभरात द्यावे लागेल त्याच्या किती पट आहे, हे ती सांगते. २:१ चा दंडक अमेरिकी बँकांच्या प्रथेतून आला. आपल्याकडे प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखाली १९७४ मध्ये समिती नेमली गेली. खेळत्या भांडवलासाठी बँकांनी किती कर्ज द्यावे याच्या पद्धती तिने घालून दिल्या. त्यांतील दुसऱ्या पद्धतीनुसार एकूण चालू मालमत्तेपैकी किमान पाव हिस्सा कर्जदाराने स्वतःच्या दीर्घ मुदतीच्या पैशातून उभा करावा, असे ठरले. शंभर रुपयांच्या चालू मालमत्तेसमोर चालू देणी फार तर पंचाहत्तर, म्हणजे गुणोत्तर १.३३. भारतीय बँकांच्या कर्ज विभागात कित्येक पिढ्या हीच आमची धोक्याची खूण होती. नित्य रोखीने विकणाऱ्या किराणा साखळीला यापेक्षा कमीही पुरते. माल महिनोन् महिने पडून राहणाऱ्या धंद्याला दोनही अपुरे पडतात.

दशाश्वमेधवरून गोदौलियाकडे वर चढले आणि चौकाच्या दिशेने गल्ल्यांत शिरले की बनारसी साड्यांच्या गाद्या लागतात. पांढऱ्या चादरीवर बसलेले व्यापारी, समोर उलगडत जाणारी जरीची साडी आणि मागे भिंतभर माल. अशा एका गादीचा ताळेबंद आपण मांडू. आकडे माझे आहेत, कोणत्याही एका पेढीचे नाहीत. पण अशी कागदपत्रे हाताळलेल्या माणसाला ते अनोळखी वाटणार नाहीत.

सगळे आकडे लाखांत धरा. शिल्लक माल ९०, येणी १००, रोख आणि बँकेतील शिल्लक ६, दिलेल्या आगाऊ रकमा ४. एकूण चालू मालमत्ता २००. दुकान, फर्निचर वगैरे २०. दुसऱ्या बाजूला विणकर आणि सूत-रेशीम विक्रेत्यांचे देणे ६०, बँकेचे कॅश क्रेडिट ५०, इतर देणी १०, म्हणजे चालू देणी १२०. दीर्घ मुदतीचे कर्ज २० आणि मालकाचे भांडवल ८०. वर्षाची विक्री ३००, विकलेल्या मालाची किंमत २४०, निव्वळ नफा २४.

चालू गुणोत्तर २०० भागिले १२०, म्हणजे १.६७. टंडन समितीच्या खुणेपेक्षा चांगलेच वर. निव्वळ नफा विक्रीच्या ८ टक्के आणि मालकाच्या भांडवलावर तब्बल ३० टक्के. एवढ्यावर थांबणारा माणूस या पेढीत डोळे मिटून ठेव ठेवील.

आपण थांबायचे नाही. चालू मालमत्तेतून शिल्लक माल आणि आगाऊ रकमा वगळून त्वरित गुणोत्तर काढू. १०६ भागिले १२०, म्हणजे ०.८८. पाठ्यपुस्तक येथे १ मागते. अजूनही घाबरण्यासारखे काही नाही. आता येणी वसूल व्हायला किती दिवस लागतात ते पाहू. १०० भागिले ३००, गुणिले ३६५, म्हणजे सुमारे १२२ दिवस. माल गादीवर पडून राहतो तो २४० च्या हिशेबाने सुमारे १३७ दिवस. रेशीम घेतल्यापासून साडीचे पैसे हाती येईपर्यंत २५९ दिवस. पुरवठादारांना ही पेढी पैसे देते साधारण ९१ दिवसांनी. खरेदीही २४० धरली आहे. राहिलेले १६८ दिवस, म्हणजे साडेपाच महिने, धंदा बँकेच्या आणि मालकाच्या पैशावर तरंगत असतो.

त्या ९१ दिवसांच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलेला असतो, हेही पाहायला हवे. तेथे हातमागावरचा विणकर असतो. पुढच्या तारखेचा धनादेश घेऊन तो घरी जातो आणि पेढीच्या तरलतेची किंमत त्याच्या चुलीवर वसूल होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी जास्तीत जास्त ४५ दिवसांत भागवावीत, असे २००६ चा कायदा सांगतो. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेली अशी रक्कम त्या वर्षी प्राप्तिकरात खर्च म्हणून वजाही मिळत नाही. कायद्याचा धाक किती आणि गल्लीतला रिवाज किती, हा वेगळा विषय आहे.

आता शेवटचा प्रश्न विचारू. शंभर लाखांच्या येण्यांपैकी एक वर्षाहून जुनी किती? समजा, उत्तर आले ४०. दूरच्या शहरांतील दुकानदारांकडे अडकलेली, बहुधा न येणारी. ती वगळली तर त्वरित गुणोत्तर ०.५५ वर येते. आणि नफा? ते चाळीस लाख बुडीत म्हणून लिहून टाकले की २४ लाखांचा नफा पुसला जाऊन १६ लाखांचा तोटा उभा राहतो. मालकाचे ऐंशी लाखांचे भांडवल चाळीसवर येते. मुख्य म्हणजे, एवढे होऊनही चालू गुणोत्तर १६० भागिले १२०, म्हणजे बरोबर १.३३! खुणेला पाणी लागलेले नाही, पण खालची जमीन मात्र वाहून गेली आहे.

तरलता हे एक प्रकरण आणि नफाक्षमता हे दुसरे, असे आपण पुस्तकात वेगवेगळे शिकतो. व्यवहारात ती एकाच भांड्यातली असतात. या पेढीचा नफा खोटा नव्हता. विक्री झाली होती, बिले फाडली होती. फक्त तो नफा येण्यांच्या वहीत राहत होता, गल्ल्यात आलाच नव्हता.

ताळेबंद ३१ मार्चचा असतो, हेही विसरू नये. मे महिन्यात दशाश्वमेधला गेलात तर खालच्या पायऱ्यांपर्यंत कोरडे चालत जाता येते. ऑगस्टमध्ये त्याच पायऱ्या पाण्याखाली असतात. एका दिवसाच्या छायाचित्रावरून नदी ओळखता येत नाही. शिवाय या छायाचित्रासाठी नटूनही बसता येते. आपल्याच पेढीने २९ मार्चला ४० लाखांची येणी जोर लावून वसूल केली आणि ३० मार्चला तेवढीच देणी भागवली, तर चालू मालमत्ता १६० आणि देणी ८० उरतात. गुणोत्तर थेट २. कायद्याने यात काहीच वावगे नाही. म्हणून निदान तीन वर्षांचे, आणि जमल्यास तिमाहीचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत.

नफाक्षमतेसाठी पुन्हा घाटावर उतरू. आरतीच्या वेळी फुलांचे द्रोण आणि दिवे विकणाऱ्या बाया पायऱ्यांवर असतात. समजा, एकीने सकाळी हजार रुपयांची फुले, द्रोण, वाती घेतल्या आणि रात्रीपर्यंत साडेअकराशेला विकल्या. विक्रीवरचा नफा १३ टक्के. साडीच्या गादीचा ढोबळ नफा २० टक्के, म्हणजे गादी सरस वाटते. पण फुलवालीचे हजार रुपये रोज फिरतात. वर्षातले तीनशे दिवस धरले तर हजारावर पंचेचाळीस हजार. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील ड्यू पॉन्ट कंपनीच्या हिशेबनिसांनी भांडवलावरील परताव्याची जी फोड केली, ती हीच. परतावा म्हणजे विक्रीवरील नफ्याचे प्रमाण गुणिले भांडवल वर्षातून किती वेळा फिरले ती संख्या. मोठ्या नफ्याचा सुस्त धंदा आणि छोट्या नफ्याचा चपळ धंदा यांची तुलना त्याशिवाय होत नाही. तिचा शिल्लक माल दुसऱ्या दिवशी कोमेजतो, म्हणून तिला उधारीही परवडत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. फुलवालीच्या भांडवलावरील परतावा साडेचार हजार टक्के आला म्हणून ती श्रीमंत होत नाही. दिवसाला दीडशे रुपयांत घर चालत नाही. गुणोत्तर प्रमाण सांगते, आकार लपवते. अहवालात ‘नफ्यात ३०० टक्के वाढ’ असे वाचले की मी आधी मागच्या वर्षीचा नफा किती होता ते पाहतो. बहुतेक वेळा तो एवढासा असतो.

आता थोडे इतिहासात जाऊ, कारण दशाश्वमेधच्या पायऱ्यांशी आपला, मराठी माणसांचा, जुना संबंध आहे. या पक्क्या घाटाच्या बांधकामाचे श्रेय नानासाहेब पेशव्यांना दिले जाते आणि वर्ष १७४८ सांगतात. पुढे १७७४ च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनी त्याचे पुन्हा बांधकाम केले, असेही सांगतात. उत्तरेपर्यंत घाट बांधणारी ही सत्ता बाहेरून अत्यंत संपन्न दिसत होती. पण तिच्या दप्तरात कर्जाचा विषय सारखा डोके वर काढतो. पहिले बाजीराव ब्रह्मेंद्रस्वामींना लिहितात, त्या पत्रांत सावकारांनी गांजल्याची तक्रार आहे; गंमत म्हणजे स्वामी स्वतःही त्यांच्या धनकोंपैकीच एक होते.

हे तोट्यातले राज्य होते का? तसे म्हणता येणार नाही. चौथ, सरदेशमुखी, परगण्यांचा वसूल, सगळे कागदावर भरभक्कम होते. पण वसूल पिकांच्या हंगामाने यायचा, बराचसा थकायचा, आणि फौजेचा पगार हंगामाची वाट पाहत नसे. मग कमाविसदारांकडून वसुलाआधीच रसद म्हणून आगाऊ रक्कम घ्यायची आणि तिच्यावर व्याज द्यायचे, सैन्याला पुढच्या वसुलावर वराता द्यायच्या, आणि उरलेल्यासाठी पुण्याचे सावकार. आजच्या भाषेत येणी वसुलीचा काळ फार मोठा, देणी मात्र तातडीची. १७६० च्या पावसाळ्यात दिल्ली हाती आल्यावर भाऊसाहेबांना दिवाण-ए-खासचे रुप्याचे छत उतरवून नाणी पाडावी लागली. त्यातून सुमारे नऊ लाख रुपये झाले, असे सांगतात. ज्या सत्तेचा वसूल कोटींत मोजला जाई, तिला छावणी जगवण्यासाठी छत वितळवावे लागले. स्थिर मालमत्ता मोडून चालू देणी भागवणे हे कोणत्याही ताळेबंदातले शेवटच्या टप्प्याचे लक्षण आहे. पानिपतच्या पराभवाची कारणे अनेक होती, आणि ती सारी रोखीत बसवणे मला मान्य नाही. पण उपाशी छावणी हे त्यांतले लहान कारण नव्हते.

थोरल्या माधवरावांना हे दुखणे नेमके कळले होते. १७७२ मध्ये मृत्यूच्या छायेत त्यांनी केलेल्या नऊ कलमांच्या यादीत कर्ज फेडण्याची आज्ञा आहे, आणि प्रयाग व काशी ही क्षेत्रे आपल्या ताब्यात यावीत हा वडिलांपासूनचा मनोरथही आहे. एकाच कागदावर पूर्वजांची महत्त्वाकांक्षा आणि सावकारांची येणी! ऐतिहासिक कागदांत इतका प्रामाणिक ताळेबंद मी दुसरा पाहिलेला नाही.

आजच्या महाराष्ट्रातही ही उदाहरणे आहेत. मुंबईत मुख्यालय असलेल्या आयएल अँड एफएस समूहाने रस्ते, वीज यांसारख्या पंधरा-वीस वर्षांत परतफेड देणाऱ्या कामांना कमी मुदतीची कर्जे लावली. २०१८ च्या ऑगस्टपर्यंत तिच्या रोख्यांना सर्वोच्च पतमानांकन होते. सप्टेंबरात हप्ते चुकू लागले आणि १ ऑक्टोबरला सरकारने संचालक मंडळ बदलले. एकूण कर्ज ९० हजार कोटींच्या पुढे होते. पुढच्याच वर्षी, २३ सप्टेंबर २०१९ रोजी, रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि खातेदाराला सहा महिन्यांत एक हजार रुपये काढता येतील, असे सांगितले. नऊ लाखांहून अधिक ठेवीदार होते. आदल्या आर्थिक वर्षाचा जाहीर नफा जवळजवळ शंभर कोटी होता. नंतर उघड झाले की कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे होती आणि ती हजारो बनावट खात्यांआड झाकलेली होती. त्या बँकेची गुणोत्तरे कोणी कितीही काळजीपूर्वक काढली असती, तरी ती सुदृढच आली असती. गुणोत्तर नोंदीच्या पलीकडे पाहू शकत नाही. पट्टीच कोणी वर सरकवून लावली, तर नावाड्याचे पाठांतर काय कामाचे?

मग सामान्य ठेवीदाराने करायचे काय? अगदीच हातावर हात ठेवून बसायला नको. रोख प्रवाह पत्रकातील व्यवसायातून आलेली रोख काढावी आणि निव्वळ नफ्याशेजारी ठेवावी. तीन-चार वर्षे नफा वाढतो आहे आणि ही रोख मात्र उणे आहे, असे दिसले तर बाकी काही पाहिले नाही तरी चालेल. विक्री १० टक्क्यांनी वाढली आणि येणी ४० टक्क्यांनी, तर माल विकला जातो आहे की ढकलला जातो आहे, हे विचारावे. लेखापरीक्षकाचा अहवाल शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचावा. तो मुदतीआधीच राजीनामा देऊन गेला असेल, तर कारण शोधावे.

यातले बरेचसे आता आयते मिळते. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर कंपन्यांना वित्तीय विवरणांसोबत अकरा गुणोत्तरे छापावी लागतात. चालू गुणोत्तर, कर्ज आणि स्वनिधीचे प्रमाण, येणी किती वेळा फिरली, निव्वळ नफा, वापरलेल्या भांडवलावरील परतावा इत्यादी. एखादे गुणोत्तर मागच्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून अधिक बदलले, तर कारणही लिहावे लागते. येण्यांची वयानुसार फोडही द्यावी लागते: सहा महिन्यांच्या आतील, एक ते दोन वर्षांची, तीन वर्षांवरची. आपल्या साडीच्या गादीचे ते चाळीस लाख कंपनीच्या बाबतीत आता त्या तक्त्यात उघडे पडतात. मात्र ही पाने अहवालात फार मागे असतात. पुढच्या पानांवर अध्यक्षांचे छायाचित्र असते.

बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी एक काम सुचवतो. त्यासाठी कोणत्याही कंपनीचा अहवाल मागवायला नको. आपली संस्था नफ्यासाठी चालत नाही, तेव्हा नफाक्षमतेचा प्रश्न येथे उद्भवत नाही. तरलतेचा मात्र येतो, कारण अनुदान उशिरा येते आणि विजेचे बिल वेळेवर. संस्थेचा छापील वार्षिक अहवाल ग्रंथालयात आहे. त्यातली बँक शिल्लक घ्या. तिच्यातून हीरक महोत्सवी इमारत निधी आणि पारितोषिकांच्या कायम ठेवी वजा करा, कारण ते पैसे देणगीदारांनी विशिष्ट कामासाठी दिलेले आहेत आणि पगाराला वापरता येत नाहीत. उरलेल्या रकमेला एका महिन्याच्या सरासरी खर्चाने भागा. अनुदानाचा एकही रुपया आला नाही तर शाळा किती महिने चालेल, तेवढा तो आकडा असेल. असा आकडा गेल्या पाच वर्षांचा काढा आणि कोषाध्यक्षांना दाखवा. त्यांना तो बहुधा तोंडपाठ असेल.